खालच्या बाजूला बसणाऱ्या बाई

ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीचे व्हिएन्नातले पहिले श्रोते तिच्यातलं एकही व्हायोलिन न ऐकता घरी गेले. १८८५ चा ऑक्टोबर. एअरबार नावाच्या पियानोवाल्याच्या दालनात स्वतः ब्राम्स आणि त्याचा मित्र इग्नाझ ब्र्युल दोन पियानोंवर बसले. पानं उलटायला समीक्षक हान्सलिक आणि शल्यविशारद बिलरोट, म्हणजे शहरातली बडी मंडळी. पहिली मूव्हमेंट संपली, कुणी बोलेना. शेवटी हान्सलिक म्हणाला, की दोन महाहुशार माणसांनी मिळून बडवून काढल्यासारखं वाटलं. काल्बेक या मित्राने तर दुसऱ्या दिवशी सल्ला दिला : तिसरी मूव्हमेंट टाकून द्या, चौथी वेगळी छापा. ब्राम्सने ऐकलं नाही, हे आपलं नशीब.

मला ही सिंफनी पाठ झाली ती मुंबईत काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या दुकानातून आणलेल्या कॅसेटवर. त्यामुळे हा किस्सा वाचल्यापासून एकच प्रश्न डोक्यात होता : ऑर्केस्ट्रा काढून घेतल्यावर हिच्यात उरतं काय? व्हिएन्नाला गेले तेव्हा कळलं, की वीडन भागात, ब्राम्स राहायचा त्या कार्ल्सगासेपासून दहा मिनिटांवर, दोन निवृत्त माणसं दर आठवड्याला एका पियानोवर चार हातांनी सिंफन्या वाजवतात. ओळखीतून शब्द टाकला. एका कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली.

गृहस्थ रसायनशास्त्रज्ञ होते, बाई पियानो शिकवायच्या. इतकी वर्षं एका बाकावर मांडीला मांडी लावून बसतात, पण एकमेकांशी अजून अहो-जाहोच. गृहस्थ उजवीकडे, म्हणजे प्रिमो. सुरावटी बहुतेक त्यांच्याकडे. बाई डावीकडे, सेकंदो. पुस्तकातही तसंच छापलेलं : डाव्या पानावर सेकंदो, उजव्या पानावर प्रिमो. आपापलं पान बघायचं, दुसऱ्याचं कानाने.

मी गेले होते संगीत ऐकायला, आणि बघत बसले बाईंचा उजवा हात. गृहस्थांचा डावा हात आणि बाईंचा उजवा हात यांचा मुलूख एकच. एखादी पट्टी दोघांनाही हवी असते, अर्ध्या मात्रेच्या अंतराने. बाई आपलं मनगट इतकं खाली नेतात, की गृहस्थांचा हात वरून निघून जातो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. पुस्तकात अशा जागी पेन्सिलने बाण काढलेले आहेत, आणि बहुतेक बाण बाईंच्या पानावर. पेडलही बाईंच्याच पायाखाली. गृहस्थांची सुरावट किती वेळ घुमायची आणि कुठे कापायची, हे त्यांच्या हातात नाही, बाईंच्या चवड्यात आहे. याबद्दल त्यांना कधी कुणी टाळी दिली असेल असं वाटत नाही.

मांडीवर मी ऑर्केस्ट्राची पूर्ण स्वरलिपी घेऊन बसले होते. काय गेलं, काय राहिलं, ते ताडून पाहायला. ही चार हातांची प्रत ब्राम्सने स्वतः केलेली. तिसऱ्या सिंफनीची त्याने प्रकाशकाकडच्या रोबेर्ट केलर या माणसाकडून करून घेतली होती. फ्ल्यूट, ओबो आणि व्हायोलिनं एकच ओळ वाजवत असतील, तर पियानोवर ती एकच ओळ उरते. हॉर्नचा लांब धरलेला सूर वाजताक्षणी विरायला लागतो. टिंपनीचा गडगडाट मंद्र सप्तकातल्या दोन पट्ट्यांच्या थरथरीवर भागवावा लागतो, आणि खरं सांगायचं तर तो गडगडाट राहत नाही, गुरगुर होते. मी हे बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, ‘‘बोटं वीस आहेत.’’ बस्स, एवढंच.

मग चौथी मूव्हमेंट. आठ मापांचा एक विषय, त्याचे तीस अवतार आणि शेवटचा पल्ला. ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोनवाले तीन मूव्हमेंट हात बांधून बसलेले असतात, ते इथे पहिल्यांदा उठतात. कॅसेटवर मी कायम त्या आवाजाच्या दणक्यातच अडकायचे. इथे तो दणका नाही. त्यामुळे पहिल्यांदाच ती आठ मापं नुसत्या कण्यासारखी दिसली : एकेका मापाला एकेक पायरी, विषय वरून खाली बाईंच्या डाव्या हातात जातो, मधल्या सुरांत लपतो, आणि तरी कुठेही सुटत नाही. आपल्याकडे लेहरा धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही, पण तो चुकला तर तबलजी उघडा पडतो. बाईंचं काम त्या जातीचं. मध्ये एकट्या फ्ल्यूटचा अवतार येतो, तिथे मात्र पियानो हरतो. गृहस्थ जीव ओतून वाजवतात, पण फ्ल्यूटचा सूर श्वासावर तरंगतो आणि पियानोचा सूर जन्मतःच मरायला लागलेला असतो. वीस काय, दोनशे बोटं असती तरी तिथे इलाज नव्हता.

चार हातांच्या प्रती हा त्या काळी नुसता हौशी लोकांचा विरंगुळा नव्हता, धंदा होता. झिमरॉक या प्रकाशकाने ब्राम्सची हंगेरियन नृत्यं १८६९ मध्ये आधी चार हातांसाठीच छापली आणि उत्तम पैसा केला. १८७७ मध्ये ब्रुकनरची तिसरी सिंफनी व्हिएन्नात साफ पडली, लोक उठून गेले. पण रेटिग नावाच्या प्रकाशकाने ती छापायला घेतली आणि चार हातांची प्रत करायचं काम ज्या पोरांकडे गेलं, त्यांतला एक होता विशीतही न पोचलेला गुस्ताव मालर. रेकॉर्डच्या आधी सिंफनी गावोगावी गेली ती अशा प्रतींमधून. अर्थात गावोगावी म्हणजे ज्यांच्या दिवाणखान्यात पियानो मावत होता त्यांच्याकडे. स्वयंपाकघरातल्या बाईने ब्राम्स ऐकला असेल तर भिंतीपलीकडून, भांडी घासताना. हे कुठल्या संगीतचरित्रात सापडत नाही.

तरीही मी या वीस बोटांच्या बाजूने आहे. कॅसेटने मला सिंफनी आयती दिली. मी ती पाठ केली, पण तिच्यात शिरले नाही. या दोघांना ती दर आठवड्याला नव्याने उभी करावी लागते, अडखळत, भांडत. तेराव्या अवतारापाशी गृहस्थ रेंगाळले, तर बाईंनी सरळ वाजवणं थांबवलं आणि ‘‘तुमचा फ्ल्यूट संपला, आता चला,’’ असं म्हणाल्या. गृहस्थ हसले. चार मापं मागे जाऊन पुन्हा.

निघताना गृहस्थांनी सांगितलं, की पुढच्या महिन्यात हीच सिंफनी म्युझिकफेराइनच्या सभागृहात आहे, दोघांची तिकिटं काढलीत. बाईंना विचारलं, खरा ऑर्केस्ट्रा ऐकताना कसं वाटतं? त्यांनी पुस्तक मिटता मिटता सांगितलं, की चेलो आणि डबल बास दिसतील अशीच जागा घेतात त्या. ‘‘माझं काम तिथे इतके जण मिळून करतात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि तरी उशिरा येतात.’’