मोटारीतील घरघर : एक इशारा

बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. अशा वेळी काचा बंद असूनही मोटारीत घुमणारी जड घरघर प्रवाशांना शिणवून टाकते. पुष्कळदा तिचे मूळ धूर बाहेर नेणाऱ्या नळीत असते.

चार सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ज्वलने होतात. मिनिटाला २००० फेरे पडत असल्यास सेकंदाला सुमारे ६७ ठोके बसतात. ही कंपने मोटारीच्या पोकळीशी जुळली की आवाज घुमू लागतो. म्हणूनच तो ठरावीक वेगालाच अधिक जाणवतो. सायलेन्सरमधील कप्पे व सच्छिद्र नळ्या या ध्वनिलहरी शमवितात.

घरघर अचानक वाढल्यास प्रथम नळी टांगून धरणारी रबरे तपासून घ्यावीत. ती झिजली की कंपने थेट तळपत्र्यात उतरतात. त्यानंतर सांधे, गॅस्केट व गंजलेले भाग पाहावेत. तेथून गळती होत असेल, तर रंग-गंध नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू मोटारीत शिरू शकतो. रांगेत खोळंबलेल्या वाहनात हा धोका अधिक. म्हणून संगीताचा आवाज वाढवून किंवा जाड गालिचा अंथरून घरघर झाकू नये; आधी दुरुस्ती करावी, ध्वनिरोधक अस्तर नंतर.

२००१ मध्ये बंगळूरमध्येच अवतरलेल्या ‘रेवा’ या विजेच्या मोटारीला सायलेन्सरची गरजच नव्हती. इंधनावर चालणाऱ्या वाहनांना मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार तो बंधनकारक आहे. कर्ज काढून हौसेने घेतलेल्या वाहनाचे हप्ते आपण वेळेवर भरतो. त्याच्या सायलेन्सरची तपासणीही तितक्याच नेमाने व्हावी.