मिरची सगळ्यांना स्वयंपाकघरात का कोंडते?

ॲमहर्स्टजवळ राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे तीन कुत्री आहेत. नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर मोती, शेल्टरमधून आणलेली मिश्र जातीची टिकली आणि दहा महिन्यांची बॉर्डर कॉली मिरची. मोती आणि टिकली कुस्ती खेळायला लागले की मिरची त्यात उतरत नाही. ती बाजूने गोल फिरते, मग जमिनीला पोट टेकवून टक लावते. दोघांपैकी कोणी पळालं की बाणासारखी सुटते आणि टाचेला चिमटा काढते. शेवटी दोघं स्वयंपाकघरात जमा होतात आणि ही दारात आडवी पडते. पाहुण्यांनासुद्धा यात सूट नाही!

तुमच्याकडे बॉर्डर कॉली किंवा ऑसी असेल तर आत्ता तुम्ही मान डोलावत असाल. (ऑसी म्हणजे ऑस्ट्रेलियन शेफर्ड. नाव काहीही असो, ही जात घडली ती अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या रँचेसवर.) इथपर्यंत व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकण्याइतकं मजेशीर आहे. पण नोव्हेंबरमध्ये मोती पाणी प्यायला जायचाच बंद झाला, कारण भांड्याच्या वाटेवर मिरची बसलेली असायची. मग एका संध्याकाळी त्याने तिचा कान फोडला. मैत्रिणीचा रात्री फोन आला, "ही नॉर्मल नाहीये गं. परत देऊन टाकू का?"

म्हणून हा लेख.

'मेंढपाळाचा कुत्रा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बहुतेक धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा येतो. तो मेंढ्या वळवत नाही, त्यांची राखण करतो. दिवसभर कळपासोबत चालतो आणि रात्री लांडगा किंवा बिबट्या आला की भुंकून रान उठवतो. मेंढ्यांकडे तो रोखून बघत बसत नाही. त्याचं लक्ष बाहेर असतं. मिरचीचं काम नेमकं उलटं, तिचं लक्ष कळपावर. मराठीत दोघांना एकच शब्द लावला तरी हे दोन वेगळे धंदे आहेत.

हा फरक कसा पडतो, याचा पद्धतशीर अभ्यास ॲमहर्स्टमध्येच झाला. हॅम्पशायर कॉलेजचे रेमंड कॉपिंजर आणि त्यांच्या पत्नी लोर्ना यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोप-आशियातल्या राखण्या जातींचे कुत्रे अमेरिकेतल्या शेतांवर ठेवून बघितले. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: लांडग्याची शिकार ही एक साखळी असते. हेरणं, टक लावणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकडीचा चावा, ठार करणारा चावा, मग फाडून खाणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वेगवेगळ्या जातींमध्ये या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या ठळक केल्या आणि काही पुसट केल्या. राखण्या कुत्र्यात जवळपास सगळ्याच पुसट. बॉर्डर कॉलीत टक, दबा आणि पाठलाग प्रचंड ठळक, पुढचे चावे दाबलेले. म्हणजे मिरची करते ती अर्धवट कापलेली शिकार आहे.

त्यातली टक तर मुद्दाम जोपासलेली. बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जाणारा 'ओल्ड हेम्प' १८९३ साली नॉर्दम्बरलंडमध्ये जन्मला. तो भुंकायचा नाही, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. मेंढपाळांना तेच हवं होतं.

गोची अशी की मेंढी त्या नजरेपुढे सरकते, पण दुसऱ्या कुत्र्याच्या भाषेत रोखलेली नजर म्हणजे धमकी. कुत्र्यांच्या खेळाला विरामचिन्हं असतात. कोलोरॅडो विद्यापीठाचे मार्क बेकॉफ यांनी १९९५ साली दाखवलं, की पुढचे पाय टेकवून मागची बाजू वर करण्याची ती ओळखीची पोझ कुत्री वाट्टेल तेव्हा घेत नाहीत. चावून मान झटकण्यासारखी गैरसमज होऊ शकणारी कृती असते, तिच्या अगदी आधी किंवा नंतर ती जास्त दिसते. 'मस्करी आहे हं,' असं सांगायला. मिरचीच्या टक लावण्याला असं कुठलंच चिन्ह नव्हतं. मोतीने ते वाक्य जसं वाचायचं तसंच वाचलं.

त्यात वय. ब्रिटनमध्ये गाइड डॉग होऊ घातलेल्या कुत्र्यांवर झालेल्या २०२०च्या अभ्यासात, आठ महिन्यांची कुत्री आपल्या माणसाचं पाच महिन्यांच्या वेळेपेक्षा कमी ऐकत होती, पण परक्या माणसाचं नाही! टीनएजच ते. अनेक कुत्री परत दिली जातात ती नेमकी याच वयात.

मग सगळं जातीवर ढकलायचं का? नाही. २०२२ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या, १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या अभ्यासात, एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता आले. त्यामुळे 'कॉली आहे, करणारच' म्हणून सोडून देणंही चूक. कल जन्मजात असेल, पण तो मोतीवर चालवायचा की नाही हे शिकवता येतं.

मैत्रिणीने काय केलं? पाण्याची भांडी दोन केली, एक बेबी गेटच्या पलीकडे. मिरची टक लावून गोठली की तिला हलवणं अवघड, म्हणून मान खाली जाऊ लागली की त्याच क्षणी हाक. मेंढपाळ कुत्र्याला काम थांबवायला 'दॅट'ल डू' म्हणतात. यांच्या घरात तो शब्द 'बास' झाला. 'बास'ला वळून आली की चीज. रोज घरात लपवलेला खाऊ वासाने शोधण्याचा खेळ, कारण नुसतं पळवून कॉली दमत नाही, फक्त तिचा स्टॅमिना वाढतो. लेझर पॉइंटर मात्र कचऱ्यात. या जातीत प्रकाश-सावल्यांमागे धावण्याचं व्यसन जडू शकतं, आणि हाती कधीच न लागणाऱ्या ठिपक्याने ते वाढतं. अंगणात कुंपणाजवळ लीश, कारण रस्त्यावरची गाडीसुद्धा तिला पळणारी मेंढीच वाटते. एवढं करूनही अंगावर धावून जाणं थांबलं नसतं, तर पुढची पायरी व्हेटरिनरी बिहेविअरिस्ट होती.

तीन महिने लागले. मोती आता पाणी पितो, मधूनच मागे वळून बघत. रात्री मैत्रीण वरच्या खोलीत, नवरा खाली टीव्हीपुढे आणि सासूबाई स्वयंपाकघरात असल्या की मिरची अजूनही जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून कुरकुरते. सासूबाईंनी सरळ वाटाणे सोलायचं काम टीव्हीपुढे आणलंय.