सीपीयू बंद पडला? आधी एसएमपीएस तपासा



गेल्या मे महिन्यात आमचा २००९ सालचा डेस्कटॉप अचानक बंद पडला. बटण दाबले की पंखा क्षणभर फिरे आणि थांबे. टावर चौकाजवळच्या एका दुकानात दाखवला. "मदरबोर्ड गेला काका, भंगारात द्या," असे उत्तर मिळाले. पण त्याच्या हार्ड डिस्कमध्ये २००४ आणि २०१६ च्या सिंहस्थाचे फोटो होते, आणि आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. दुसरी प्रत नव्हती. व्हाउचर तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही बँकेतली सवय. मशीन घरी परत आणले.

सीपीयूच्या मागे जिथे पॉवर केबल लागते, तो लोखंडी डबा म्हणजे एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज देतो. त्यातले कपॅसिटर वयाने आणि उष्णतेने कमजोर होतात. आपला माळव्यातला उन्हाळा आणि पंख्यात साठलेली धूळ त्यात भर घालतात.

तपासणी सोप्या गोष्टींपासून करावी.

१. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून पाहा. केबल बदलून पाहा. डब्यावर व्होल्टेजचे लाल बटण असेल तर ते २३० वरच हवे.

२. केबल काढून पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरा. कॅबिनेट उघडून धूळ ब्रशने झाडा. रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसा आणि नीट बसवा.

३. तरीही चालू होत नसेल तर केबल काढलेली असतानाच एसएमपीएसच्या सगळ्या तारा मदरबोर्ड आणि डिस्कपासून सोडवा. फक्त डीव्हीडी ड्राइव्ह जोडलेला राहू द्या. मोठ्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि शेजारची काळी तार वाकवलेल्या पेपर क्लिपने जोडा, मगच वीज सुरू करा. पंखा फिरलाच नाही, तर दोष बहुधा एसएमपीएसचाच. काही कंपन्यांच्या तारांचे रंग वेगळे असतात. तिथे हा प्रयोग करू नका.

४. पंखा फिरला म्हणजे सगळे ठीक, असे नाही. मल्टिमीटरने मोजा. काळ्या तारेच्या तुलनेत पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत.

आमच्या पिवळ्या तारेवर १०.४ निघाले. तफावत सापडली! नवा एसएमपीएस बसवला आणि मशीन सुरू झाले. मदरबोर्ड ठणठणीत होता.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात. तो दुरुस्त करण्यापेक्षा बदलावा. मल्टिमीटरची सवय नसेल तर ओळखीच्या माणसाकडून दुसरा चांगला एसएमपीएस तात्पुरता जोडून घ्यावा. तेवढ्यानेही निकाल लागतो.

मशीन सुरू होताच पहिले काम केले ते ओव्यांच्या दोन प्रती काढण्याचे. एक मुलीकडे पाठवली.

सीपीयू बंद पडला म्हणून डिस्क जात नाही. ती काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. तेव्हा जुने मशीन भंगारात द्यायचेच असेल, तर खुशाल द्या. आधी डिस्क मात्र काढून घ्या.