मॉस्कोत छापलेली मराठी

शीतयुद्ध म्हटलं की बर्लिनची भिंत, क्युबा, व्हिएतनाम यांचीच उजळणी होते. ती वाचकांना पाठ आहे. मुळशी तालुक्यातल्या आमच्या पिरंगुटात मात्र अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन महासत्तांची चुरस पोचली ती रेशनच्या पिशवीतून आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यातून.

या चुरशीच्या मोठ्या खुणाही होत्या. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं थोडक्यात सांगतो. 1963 चा करार, अमेरिकन अणुभट्ट्या, 1969 मध्ये वीज. 1974 ला पोखरणची अणुचाचणी झाली, अमेरिकेने इंधन देताना हात आखडता घेतला आणि 1982 मध्ये फ्रान्स पुढे आला. पवईची आयआयटी 1958 साली सोव्हिएत मदतीने उभी राहिली, कानपूरला अमेरिका धावली. आणि रेशनची पिशवी: बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. ज्यांनी ती भाकरी खाल्ली ते अजून तोंड वाकडं करतात.

मला रेंगाळायचंय ते सोव्हिएत पुस्तकांपाशी. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनात ती मिळत. मॉस्कोचं प्रगती प्रकाशन, पुढे रादुगा. पक्की बांधणी, रंगीत चित्रं, आणि किंमत अशी की शाळामास्तरालाही परवडावी. अनिल हवालदारांसारखे अनुवादक मॉस्कोत राहून हे काम करत होते. त्यांची मराठी घरात बोलावी तशी होती, आणि हीच मला या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

रशियन लेखक व्हिक्टर ड्रागुन्स्कीच्या देनिस या मुलाची गोष्ट घ्या. आईची वाट पाहत अंगणात बसलेला पोर आपला नवा खेळण्यातला डंपर देऊन मित्राकडून काडेपेटीतला काजवा घेतो. असला सौदा केलास कसा, असं आई विचारते, तर तो जिवंत आहे आणि चमकतो, एवढंच त्याचं कारण. ही गोष्ट मी वर्गात वाचायचो तेव्हा मुळशीच्या पोरांना काही समजावून सांगावं लागत नसे. ज्येष्ठात आमच्या बांधावरची झाडं काजव्यांनी लुकलुकायची. मॉस्को त्यांना लांबचं वाटलंच नाही.

काही विद्वान या सगळ्याला प्रचार म्हणून निकालात काढतात. ते मला मान्य नाही. स्टालिनच्या छळछावण्या आणि 1956 चं हंगेरी त्या पुस्तकांत नव्हतं, हे खरं, आणि ते लपवणं अक्षम्य होतं. पण 1951 साली मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्याची परिषद भरवणाऱ्या मंडळींच्या मूळ संस्थेला सीआयएचा पैसा होता, हे 1967 मध्ये उघड झालं. तरी त्यांच्या मासिकांतलं चांगलं लेखन आपण चांगलंच मानतो ना? मग देनिसनेच काय पाप केलं?

1991 ला सोव्हिएत संघ मोडला आणि हा झरा आटला. त्यानंतर इतकी देखणी, इतकी स्वस्त बालपुस्तकं मराठीत कोणी सातत्याने दिली नाहीत. आपल्या सरकारांनीही नाही. एका ग्रंथालयाने तर मागणी नाही म्हणून असली चाळीसेक पुस्तकं रद्दीत काढली. त्यातली अकरा मी किलोच्या भावाने परत आणली. ती माझ्या कपाटात आहेत.

दर वर्षी पहिल्या पावसाआधी मी देनिस काढतो. आळीतली मुलं ओसरीवर बसतात. पौड रस्त्यावरून खडीचे खरेखुरे डंपर जात असतात, आवाज थांबेपर्यंत वाचणं थांबवावं लागतं. यंदा एका मुलीने विचारलं, "आजोबा, काजवा कुठे बघायला मिळेल?" बांधावरची झाडं केव्हाच गेली. तिला आणि तिच्या भावाला घेऊन रात्री ताम्हिणीच्या अंगाला गेलो.