किल्ली फिरवण्यापूर्वी

कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते आणि घरोघरी तीर्थयात्रेचे बेत ठरू लागतात. चातुर्मासात प्रवासाची मर्यादा घेतलेल्या कुटुंबांची मोटार तोवर कित्येक आठवडे जागीच उभी असते. सामान भरले, मंडळी बसली आणि किल्ली फिरवली, असा आपला रिवाज. परंतु दीर्घकाळ उभ्या असलेल्या वाहनाच्या बाबतीत किल्ली फिरवणे हे अखेरचे काम होय. त्यापूर्वीची दहा मिनिटे पाहणीसाठी राखून ठेवावीत.

पहिली दृष्टी गाडीखाली आणि बॉनेटच्या आत जावी. पावसात व थंडीत मांजरे, खारी, उंदीर इंजिनाच्या आडोशाला राहतात. इंजिन सुरू होताच पट्टा फिरू लागतो आणि त्या जिवाला निसटण्यास क्षणही मिळत नाही. म्हणून प्रथम बॉनेटवर थाप मारावी, मग ते उघडून नीट पाहावे. आत पिल्ले आढळल्यास प्रस्थान एक दिवस लांबले तरी चालेल. पाणी गाळून पिणाऱ्या घराला ही जयणा वेगळी शिकवावी लागू नये. तिच्यात आपलेही रक्षण आहे. उंदराने कुरतडलेल्या वायरीतून ठिणगी उडते आणि इंधनाची नळी गळत असेल तर आग भडकते. पेट्रोलचा वास आल्यास गाडी सुरू करूच नये, मेकॅनिकला बोलवावे.

गाडी सपाट जागी व इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. कूलंटची पातळी टाकीवरील खुणेवरून पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील उकळते पाणी दाबाने अंगावर येते. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी साचली आहे काय, तेही पाहावे.

घराखालच्या किंवा गोदामालगतच्या बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही; माणूस न कळत बेशुद्ध होतो. शटर पूर्ण उघडावे आणि इंजिन सुरू होताच गाडी मोकळ्या जागी आणावी. शटर उघडे आहे एवढ्यावर विसंबून गाडी आतच चालू ठेवू नये.

हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लच दाबलेला, दिवे व एसी बंद, अशी तयारी झाल्यावरच सेल्फ मारावा. एका वेळी पाच ते दहा सेकंदच; न जमल्यास मिनिटभर थांबावे. इंजिन चालू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर ते तत्काळ बंद करावे.

बॅटरी उतरली असल्यास दुसऱ्या गाडीची मदत घेताना केबलचा क्रम चुकवू नये. लाल केबल प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. शेवटच्या जोडणीची ठिणगी त्याच्याजवळ उडता कामा नये.

उभ्या गाडीच्या ब्रेकला गंज चढतो. म्हणून मंडळींना बसवण्यापूर्वी चालकाने एकट्यानेच आवारात संथपणे गाडी हलवून दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहावा.