अजादुग्धासाठी घरची शेळी

कुंकुमादि तैलाच्या पाठात आपण अजाक्षीर लिहितो. पाकाच्या दिवशी कढईत मात्र गाईचे दूध पडते. रत्नागिरीत शेळीचे ताजे दूध नियमित मिळणे कठीण, ही सबब मीही अनेक वर्षे सांगितली. अखेर चिकित्सालयाच्या परसात दोन शेळ्या आणल्या. दोन अशासाठी की, एकटी शेळी कळपावाचून दिवसभर ओरडते व चारा टाकते.

जातीची निवड करताना मी चुकलो. दुधाला बरी म्हणून घाटावरच्या बाजारातून ऐन ज्येष्ठात उस्मानाबादी जोडी आणली. कोरड्या मुलखातील ती जनावरे आषाढाच्या झडीत खोकू लागली, खूर कुजले आणि श्रावण सरण्यापूर्वी एक दगावली. दोष शेळीचा नव्हे, माझ्या घाईचा. त्यानंतर कोकण कन्याळ आणली. सिंधुदुर्गातील ही जात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने संशोधनातून पुढे आणली असून येथील पाऊस तिला मानवतो. ती मुख्यतः मांसासाठी पाळली जाते, दूध बेताचेच. परंतु घरगुती पाकापुरते ते पुरते. गोठ्यात जमिनीपासून दोन फूट उंचीवर पोफळीच्या पट्ट्यांचा माच केला. पट्ट्यांमधील फटींतून लेंड्या व मूत्र खाली पडते आणि खूर कोरडे राहतात. पावसाळ्यापूर्वी जंतनाशक, तसेच पीपीआर व आंत्रविषाराची लस पशुवैद्यकांकडून द्यावीच.

शेळी अल्प पाणी पिते, पुष्कळ हिंडते, कटु-तिक्त पाला खाते, म्हणून तिचे दूध लघु, असे वाग्भटाने सकारण सांगितले आहे. हे कारणच आपण विसरतो. दिवसभर दाव्याला बांधून पेंड व भरडा चारलेल्या शेळीचे दूध अजादुग्ध खरे, पण शास्त्रोक्त लघुत्व त्यात कितपत उतरेल? मला शंका आहे. म्हणून आमच्या शेळ्या दुपारी सड्यावर हिंडतात. संध्याकाळी फणसाचा पाला व शेवरी मिळते, दाणा मूठभरच. वनौषधींच्या वाफ्यांना मात्र जपावे लागते, शतावरीचे कोंब त्यांनी दोनदा फस्त केले. अडुळशाला त्या तोंड लावत नाहीत, तेव्हा कुंपणाला तोच उत्तम.

बोकड दुभत्या शेळीपासून दूर बांधावा, अन्यथा दुधास उग्र वास येतो. धारोष्ण दुधाची ग्रंथांत प्रशंसा असली, तरी ब्रुसेलाचा धोका जाणून रुग्णास दूध उकळूनच द्यावे. तान्ह्या बालकास आईच्या दुधाऐवजी हे देऊ नये. यात फोलिक आम्ल फार कमी असते व त्यातून पांडु उद्भवू शकतो. डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट वाढविण्यासाठी शेळीच्या दुधाला वाटेल तो भाव मोजला जातो. त्यास सबळ पुरावा नाही. अशा दिवसांत दारी आलेल्या नातेवाइकांना मी दूध विकत नाही, रुग्णास रुग्णालयात न्यावयास सांगतो.

शेळी पाच महिने गाभण असते आणि विण्यापूर्वी सुमारे दोन महिने तिचे दूध आटवावे लागते. त्यामुळे दोघींचे फळणे पुढेमागे ठेवावे. धाकटी कार्तिकात विणार असून पहिला चीक करडांचा आहे. आमचा कुंकुमादीचा पाक त्यानंतर, मार्गशीर्षात.