नवेगावबांधच्या पाळीवरची रुई

गोंदियाहून नवेगावबांध साधारण ६५ किलोमीटर. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, मारुती चितमपल्ली यांनी इथल्या दिवसांवर पुस्तक लिहिले. हे सगळे वाचकांना ठाऊकच आहे. लोक येतात ते वाघासाठी, नाहीतर हिवाळ्यात पाणपक्ष्यांसाठी. पावसाळा सरताना तलावाच्या पाळीवर गेलात, तर मात्र आधी भेटतात फुलपाखरे.

नारिंगी पंख, काळी टोके, त्यांवर पांढरा पट्टा. हे प्लेन टायगर, कॅनडा-अमेरिकेतून मेक्सिकोपर्यंत उडत जाणाऱ्या मोनार्कचे जवळचे भाऊबंद. तिकडे मोनार्कच्या अळ्या ज्या चिकाळ मिल्कवीडवर वाढतात, ते तणनाशकांनी शेतांतून गेले आणि मोनार्क घटले. आपल्याकडे तीच जागा रुईची. आमच्या वाटाड्याने एक पान उलटून दाखवले. खाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ‘‘याले ढोरं खात नाहीत जी, कडू रायते,’’ तो म्हणाला. तोच कडूपणा अळीच्या अंगात मुरतो, पुढे फुलपाखरातही उतरतो. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी तर हुबेहूब हेच रूप घेऊन जीव वाचवते. या नकलेला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. ज्या रुईमुळे ती नक्कल चालते, तिला कुणी वाली नाही.

ही पाळ बांधली कोलू पाटील कोहळी यांनी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. तलावाभोवतीच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात. या सात देवींनी बांधकामाला हात लावला, अशी श्रद्धा आहे. कोलू पाटलाचाही पुढे देव झाला, कोलासूर, आणि त्याचे ठाणे त्याच डोंगरांत आहे. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारा मुलूख मला फार मोठा वाटतो. म्हणूनच रस्त्याच्या कडा जेसीबीने खरवडलेल्या आणि रुईची खोडे उपटून टाकलेली पाहून वाईट वाटले. शनिवारी मारुतीला माळ घालायला रुई हवी, एरवी ती कचरा! २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान देऊन महाराष्ट्राने देशात पहिले पाऊल टाकले. तो मान योग्यच होता, पण फुलपाखरे जगतात ती झाडांवर. हे झाड उगवते उद्यानाच्या हद्दीबाहेर, पडीक जागेत, बांधावर, पाळीवर, जिथे वनरक्षकाची फेरी होत नाही.

ग्रामपंचायतींनी आणि बांधकाम खात्याने एवढे करावे: दिवाळीच्या तोंडावर कडा साफ करताना रुई तेवढी वगळावी. रोप आणावे लागत नाही, पाणी घालावे लागत नाही, एक रुपया खर्च नाही. आणि नवेगावला जाणाऱ्यांनी जिप्सीत बसण्याआधी तासभर पाळीवर चालावे, रुईचे पान हलक्या हाताने उलटून पाहावे, चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नये.